सिंधूची आई

दुखणं दहापैकी किती, असं डॉक्टरांनी विचारलं की गिरिजाबाई कायम "दोन" म्हणायच्या. कपाळावर घाम असायचा, खुर्चीची कड मुठीत आवळलेली असायची. पण आकडा बदलायचा नाही. "जास्त सांगितलं की आपरेशन सांगतेत," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी हळूच सांगितलं.

नांदेडच्या त्या दवाखान्यात आम्ही रोज उपचारापुरत्या यायचो, आमचे पलंग शेजारी होते. शाळेतल्या वह्या तपासून तपासून माझी मान धरली होती. त्यांच्या कंबरेतली चकती सरकली होती. पट्ट्यांनी बांधून यंत्र कणा हळूहळू ताणायचं, सोडायचं, पुन्हा ताणायचं. पडद्याआडून त्यांचा आवाज यायचा, "ओढ रे बाबा, नीट ओढ."

गिरिजाबाई अर्धापूरच्या. नवरा केळीच्या कापणीला जायचा. एकुलती लेक सिंधू बावीस वर्षांची, जन्मापासून पायांवर कधी उभी न राहिलेली. तिला न्हाणीत नेणं, उन्हात बसवणं, कूस बदलून देणं, सगळं यांच्या कंबरेवर. डॉक्टर म्हणायचे, वजन उचलू नका. त्या मान डोलवायच्या आणि बाहेर आल्यावर मला म्हणायच्या, "लेकराला वजन म्हणतेत का, बाई?"

तिसऱ्या आठवड्यात एकदा त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. मांड्यांच्या मधे हात लावला तरी कळत नाही, लघवी झालेलीही समजत नाही, असं त्यांनी खाली बघत सांगितलं. लुगड्याच्या आत जास्तीचं फडकं बांधून आल्या होत्या. डॉक्टरांना सांगा, असं म्हणताच त्यांनी माझं मनगट धरलं.

"तीन महिने निजवून ठेवतील मला. सिंधूला कोन उचलंल? तुमाला माझ्या लेकराची शप्पथ हाय."

मी गप्प बसले. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्या उजवं पाऊल घासत आल्या, डॉक्टरांना पुन्हा तेच "दोन" म्हणाल्या, आणि मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. डॉक्टर उठूनच उभे राहिले. आता यंत्राचं काम नाही, आजच्या आज शस्त्रक्रिया, असं म्हणाले. हे कधीपासून, म्हणून त्यांनी आम्हा दोघींकडे बघितलं.

"आज सकाळपासनं," गिरिजाबाई म्हणाल्या. "बाईला आत्ताच सांगितलं."

पाय वाचले. लघवीवरचा ताबा मात्र परत आला नाही. अशा वेळी एकेक तास मोलाचा असतो, हे डॉक्टर मला नंतर सहज बोलले. माझे दोन दिवस मी त्यांना अजून सांगितलेले नाहीत.

महिन्याभरानं अर्धापूरला गेले. नवरा कापणीवर गेला होता. सिंधू ओसरीत सतरंजीवर पडलेली, ऊन सरकत तिच्यापर्यंत आलेलं. कंबरेला पट्टा बांधलेल्या गिरिजाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि लेकीच्या तोंडावर सूप आडवं धरून सावली करत होत्या. माझं चुकलं का, असं मी विचारलं.

"तुमचं काई चुकलं न्हाई," त्या म्हणाल्या. "पन सकाळपासनं ती एकाच कुशीवर हाय, बाई. मला वळवता येईना."

मी वाकून सिंधूच्या खांद्याखाली हात घातला. परक्या हाताला ती किंचाळली. माझ्या मानेतून कळ गेली, पण मी तिला वळवलं. गिरिजाबाईंनी तोंड फिरवून घेतलं होतं. सिंधू शांत झाल्यावर त्यांनी सूप दुसऱ्या हातात घेतलं आणि सावली परत तिच्या तोंडावर आणली.