टाकीवरची पाटी

नाशिक रोडला ऑफिसला जाताना रिंग रोडच्या सिग्नलवर रोज एक फुलवाला शेतकरी आपली मोटारसायकल माझ्या मोटारसायकलशेजारी थांबवायचा. झेंडूने भरलेली पाटी तो पेट्रोलच्या टाकीवर ठेवायचा, हनुवटीने दाबून धरायचा आणि कोपरं फाकवून हँडल सांभाळायचा. मागची सीट मात्र रिकामी. सिग्नल सुटण्याआधी तो हात मागे नेऊन ती एकदा चाचपायचा.

असा कारभार मला बघवत नाही. मी माझ्या बाजाराच्या यादीत ‘दोरी’ लिहिलं, विकत आणली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे धरली. “पाटी मागे बांधा, मामा. असे पडाल एक दिवस.”

त्याने दोरीकडे नुसतं पाहिलं. “मागं कारभारीण बसायची, साहेब. पाटी मांडीवर घेऊन. खड्डा आला तरी पाटी सोडू नको, फुलं चेंगरत्यात, असं मीच सांगायचो.” त्याने मानेनेच पुढचा उतार दाखवला. “तिथंच पडली. मागून ट्रक होता. पाटी नाय सोडली तिनं.”

हॉर्न वाजू लागले. तो निघून गेला आणि दोरी माझ्याच हातात राहिली.

त्या संध्याकाळी भाजी घेऊन परतताना बायको मागे बसली होती, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून. उताराआधी मी गाडी कडेला घेतली. “मला धर.”

“आज काय हे नवीन? टोमॅटो चेंगरतील ना!”

“चेंगरू देत.”

तिने एक हात माझ्या खांद्यावर ठेवला. दुसरा पिशवीवरच होता.