गुडघ्याची पावडर

माझ्या सासूबाई चिमणाबाई सगळ्या जगाशी फटकळ, फक्त म्हशीशी गोड. कळंब्याच्या आमच्या गोठ्यात आता एकच म्हैस उरली आहे, आणि ती त्यांच्याशिवाय कुणालाही कासेला हात लावू देत नाही. मी एकदा धाडस केलं, तर चरवीसकट शेणात जाऊन बसले.

गेल्या वर्षी आईंचे गुडघे झिजले. धारेला उकिडवं बसलं की उठताना खांबाला धरून कण्हायच्या. माझ्या नवऱ्याने, अमरसिंहने, सांगून टाकलं, "तीन महिन्यांत फरक न्हाय पडला तर म्हस इकायची." आई त्या दिवशी जेवल्याच नाहीत.

राजारामपुरीतले डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, मांड्यांचे व्यायाम करा, धारेला स्टुलावर बसा. दुकानात गुडघ्यांसाठी मिळणाऱ्या पावडरीवर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. मीच हट्ट धरला, म्हणून लिहून दिली. रोज सकाळी ती मी वाटीत काढून द्यायची आणि "दुधातनं घेतो" म्हणत आई गोठ्यात जायच्या.

दुसऱ्या महिन्यात एकदा मी मागोमाग गेले, तर पावडर म्हशीच्या आंबोणात, भिजवलेल्या पेंडीत! माझं डोकंच फिरलं.

"आई, ही माणसाची पावडर हाय!"

"ठावं हाय की. पर गाभण मी न्हाय, ती हाय. तिची हाडं बळकट नको व्हय? आनि अनुजा, तिचंच दूध पितो की मी. पोचतंय मला."

कपाळ माझं! मी पावडरीचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. पण खरं सांगायला हवं, व्यायाम त्यांनी एक दिवस चुकवला नाही. दावणीच्या कठड्याला धरून पाय ताणायच्या. भात निम्म्यावर आणला, चहातली साखर सोडली.

तीन महिने भरले. गोठ्यात कधी न फिरकणाऱ्या अमरसिंहने केरबा नावाच्या म्हशींच्या व्यापाऱ्याला बोलावलं.   आईंनी स्टूल ओढलं, चरवी गुडघ्यांत धरली आणि सगळ्यांसमोर शेवटच्या थेंबापर्यंत धार काढली. मग कशालाही न धरता उठल्या आणि पेला भरून केरबांच्या हातात दिला.

"पावणं, दूध पिऊन जावा. म्हस द्यायची न्हाय."

केरबांनी अमरसिंहकडे बघितलं. अमरसिंह जमिनीकडे बघत होता. मग केरबांनी पेला एका दमात रिकामा केला आणि पायात चपला सरकवल्या.