तहाचा अर्थ

कापडे गावच्या शाळेत मी तेरा वर्षं मास्तर होतो. शाळा मारुतीच्या देवळाच्या पडवीत भरायची. वरच्या वाड्यांतली बरीच माणसं मुंबईला गिरणीत किंवा गोदीत होती, काही पलटणीत होती. त्यांची पत्रं पोलादपूरहून टपालवाला घेऊन यायचा. ती मी वाचून दाखवायचो, उत्तरं लिहून द्यायचो. लोक त्याबद्दल वरी, नाचणी, पावसाळ्यात खेकडे आणून देत. पण मला त्याहून गोड लागायचं ते वेगळंच. पुण्याचं वर्तमानपत्र आठवड्याने यायचं. ते मांडीवर घेऊन बसलो की चारजण भोवती जमायचे आणि विचारायचे, "मास्तर, काय म्हणतंय सरकार?" मी सांगायचो. पंचवीस वर्षांचा होतो. एखादी गोष्ट माहीत नाही असं म्हणायची मला लाज वाटायची.

वरच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा पलटणीत होता. मोठी लढाई संपायच्या सुमारास तो भरती झाला, एकदा रजेवर येऊन गेला, आणि मग त्याची पलटण इराकात बसऱ्याकडे गेली ती तिकडेच राहिली. लढाई संपूनही पलटणी परत का येत नाहीत हे आमच्याकडे कुणालाच कळत नव्हतं. घरी म्हातारा होता, सून होती, आणि मुलगा गेल्यावर जन्मलेली नात होती. सून विशीच्या आतबाहेरची. मी पत्र वाचायला लागलो की ती दाराच्या चौकटीआड उभी राहायची. मला फक्त तिचा हात दिसायचा, चौकटीला धरलेला.

एका वर्षी भात झोडून झालं आणि पत्र आलं. म्हाताऱ्याने मला घरी बोलावून घेतलं. मुलाने लिहिलं होतं, की पलटण आता परत निघणार. पण तिथल्या नव्या राजाशी आपल्या सरकारचा तह झाला आहे, आणि त्या राजाला आगगाडीच्या रुळांवर पहाऱ्याला माणसं हवी आहेत. ज्याला राहायचं असेल त्याने पलटणीतून नाव कमी करून तिकडे सही करायची. तीन वर्षांचं काम, पगार बरा. "सही करू का घरी येऊ, ते लवकर कळवा. साहेब विचारतील तेव्हा सांगावं लागेल."

म्हाताऱ्याने ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, "मास्तर, नोकरी त्या राजाची, पन सरकार आपलाच ना?"

त्या तहाबद्दल मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. सात-आठ ओळींची बातमी होती. विलायतेत त्यावर बराच वाद झाला, अखेर तो मंजूर झाला, आणि त्या राजाच्या रक्षणासाठी सरकार मदत करणार, एवढंच त्यात होतं. कलमं छापलेली नव्हती. तरी मी म्हणालो, "हो, सरकारचंच छत्र आहे."

तेव्हा चौकटीआडून ती पहिल्यांदा बोलली. "तिकडं काय इपरीत झाला तर आमाला कोन कळवील? तो राजा का आपला सरकार?"

सासऱ्यासमोर ती असं बोलली म्हणून मी चमकलो. पत्राच्या घड्या घालत मी म्हणालो, "सरकारच कळवील. तहात तसं कलमच आहे."

असं कुठलंही कलम मी वाचलेलं नव्हतं.

तो हात चौकटीवरून खाली गेला. म्हातारा म्हणाला, "मग लिवा. सही कर म्हनावं." मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी पत्र टपालात पडलं.

त्यानंतर त्याची तीन पत्रं आली. वाळूत स्टेशनं आहेत, एकेका स्टेशनावर दोघंतिघं असतात, पाणी गाडीने येतं, लाकूडफाटा मिळत नाही. तिसऱ्या पत्रात त्याने मुलीच्या पायाच्या मापाची दोरी मागितली होती, तिथे चांगले जोडे मिळतात म्हणून. आईने मुलीला उभं करून दोरी मापली, मी ती पाकिटात घातली. त्या पत्राचं उत्तर आलं नाही. पुढेही काही आलं नाही.

वर्ष गेलं. त्याच्या पलटणीतला एकजण बिरवाडीला परत आला होता, म्हणून मी मुद्दाम जाऊन त्याला भेटलो. त्याने म्हाताऱ्याच्या मुलाला शेवटचं पाहिलं ते परत येताना, गाडीच्या खिडकीतून. स्टेशनाच्या भिंतीच्या सावलीत तो भाकरी खात बसला होता. गाडी थांबली नाही. याने हाक मारली, त्याने मान वर केली, पण ओळखलं की नाही कुणास ठाऊक. "त्यानंतर तिकडं दंगा झाला असं ऐकलं," तो म्हणाला. "कुठल्या स्टेशनावर, ते नाय मला ठाव."

मग मी अर्ज लिहायला लागलो. पलटणीच्या ठाण्याला लिहिलं. उत्तर इंग्रजीत आलं, महाडच्या कचेरीतल्या एका कारकुनाने ते समजावून दिलं. या इसमाचं नाव स्वखुशीने कमी झालेलं आहे, पुढची चौकशी त्या सरकारकडे करावी. मी त्या सरकारला लिहिलं. सात महिन्यांनी एक पाकीट आलं. आत एकच कागद, मोठा शिक्का, आणि उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या पाच ओळी.

तो कागद घेऊन मी, म्हातारा आणि ती महाडला गेलो. मुसलमान मोहल्ल्यात एक वृद्ध मौलवी होते. त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवलं, चष्मा लावला, कागद उन्हाकडे धरला. "बाय, आमी कुराण वाचणारे," ते म्हणाले. "ही कचेरीची भाषा. लागेल तेवढं सांगतो." आणि त्यांनी त्या पाच ओळी मोठ्याने, सावकाश वाचल्या. मध्येच तिच्या नवऱ्याचं नाव आलं. उच्चार इतका वेगळा होता की मी ओळखलं नाही. ती मात्र एकदम सरळ झाली.

मौलवींनी बोट ठेवलं. "हे तुमच्या माणसाचं नाव. हे त्याच्या बापाचं. आणि हा शब्द, 'नाही'."

"काय नाय?" तिने विचारलं. "जिता नाय का सापडत नाय?"

"तेच लागत नाही, बाय," ते म्हणाले. त्यांनी कागद तिच्या हातात दिला आणि घरातून आमच्यासाठी पाणी मागवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

पुढे मुंबईत बसऱ्याशी व्यापार करणाऱ्या एका पेढीवर त्या कागदाचा नीट अर्थ लागला. या नावाचा माणूस आमच्या यादीत नाही, ज्या सरकारने माणसं दिली त्याला विचारा, असं लिहिलं होतं. म्हणजे आम्ही जिथून सुरुवात केली तिथेच परत आलो. अर्थ ऐकून म्हातारा एवढंच म्हणाला, "मास्तर, ते कलम दाखवा ना त्यास्नी." मी कागदाची घडी घालून तो पाकिटात सरकवला.

त्या घरात मग विचित्र दिवस सुरू झाले. पितृपक्ष आला की म्हातारा भटाला विचारायचा, पोराचं पान ठेवायचं का? भट म्हणायचा, मेल्याचं कळल्याशिवाय कसं ठेवणार? सुनेने नवी साडी नेसावी तर बाया कुजबुजायच्या, कुंकू लावावं तरी कुजबुजायच्या. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही यावर वाडीत भांडणं झाली. शेवटी तीच कुठे जाईनाशी झाली.

आणि तिला नवरा ऐकू यायला लागला. घरी होता तेव्हा अंगणात पाऊल टाकण्याआधी तो खाकरायचा, बापाला आणि बायकोला कळावं म्हणून. ते खाकरणं तिला भरदुपारी ऐकू यायचं. लावणी करताना ती मध्येच कंबर सरळ करायची आणि बांधाकडे बघत राहायची. शेजारच्या बाया आधी हसायच्या. मग त्याही बांधाकडे बघायला लागल्या.

हे सगळं मी लोकांच्या तोंडून ऐकत होतो. एकदा श्रावणात, मुलं पाढे म्हणत असताना, देवळाच्या पायरीपाशी कुणीतरी खाकरलं. मी "कोण?" म्हणून उठलो. पाढे थांबले. बाहेर पाऊस होता आणि पायरी मोकळी होती. त्याचं खाकरणं कसं होतं हे मला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. तरी तो तोच होता, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

म्हातारा वारला. जमीन मुलाच्या नावावर लागली, आणि चुलत दिराने वरच्या दोन खाचरांत नांगर घातला. ती तलाठ्याकडे गेली. तो म्हणाला, "मालक तुझा नवरा. त्याला आण, नायतर तो मेल्याचा कागद आण." महाडच्या एका वकिलाने मार्ग सांगितला. सात वर्षं ज्याच्याबद्दल जवळच्या माणसांनी काही ऐकलं नाही, त्याला कोर्ट मेला धरतं. तिने फक्त कोर्टात उभं राहून शपथेवर सांगायचं, की आपण काही ऐकलेलं नाही.

"पन मी ऐकते," ती म्हणाली.

वकिलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ते ऐकणं वेगळं."

"वेगळा कसा?" ती म्हणाली, आणि उठून गेली. दोन वर्षं तिने तो विषय काढू दिला नाही. पण मुलगी लग्नाला आली, आणि तिसऱ्या खाचरावरही नांगर फिरला. एके दिवशी ती शाळेत आली. म्हणाली, "चला महाडला."

आम्ही पहाटे निघालो. मुलीला तिने शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. पोलादपूर मागे पडलं, ऊन वर आलं, तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणालो, "वयनी, तहात तसं कलम नव्हतं. म्हणजे होतं की नाही हे मला माहीतच नव्हतं. मी माझ्या मनचं सांगितलं."

ती चालत राहिली. मागे न बघता म्हणाली, "मला तवाच कळला. तुमी वर न बगता बोललात."

"मग तुम्ही काही म्हणाला का नाहीत?"

"मामंजींना ते ऐकायचा होता. मला बी पगार दिसत होता, मास्तर. घर शाकारायचा होता." मग म्हणाली, "तुमी एकट्यानं नका घेव ते अंगावर. पन सोडू बी नका."

कोर्टात तिला पिंजऱ्यात उभं केलं. कारकुनाने शपथ सांगितली, ती तिने हळू आवाजात म्हटली. मग प्रश्न आला, सात वर्षांत नवऱ्याविषयी काही ऐकलंत का?

ती दाराकडे बघत होती. बाहेर पक्षकार, पट्टेवाले, चिंचेखाली बसलेली माणसं. कुणी खाकरत होतं, कुणी थुंकत होतं. साहेबांनी पुन्हा विचारलं.

"नाय," ती म्हणाली. "काय बी ऐकला नाय."

ते लिहून घेतलं गेलं. तिने अंगठा दिला. बाहेर आल्यावर ती सावित्रीच्या घाटावर गेली, पाण्यात उतरली. मी वर पाठमोरा बसून राहिलो. ती परत आली तेव्हा तिचं कपाळ मोकळं होतं आणि दात वाजत होते.

जमीन तिच्या नावावर झाली. दिराने खाचरं सोडली. पुढच्या वैशाखात मुलीचं लग्न झालं, कन्यादान तिच्या मामाने केलं. कोर्टातल्या त्या दिवसानंतर तिला काही ऐकू आलं नाही. हे तिनेच मला सांगितलं, आणि ते सांगताना पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. "मेला म्हनून मी सांगितला," ती म्हणाली. "मग कशाला यील तो?"

माझी बदली बिरवाडीला झाली. निघायच्या दिवशी मी वर वाडीत गेलो. ती अंगण सारवत होती. मला पाहून तिने हात धुतले, गूळपाणी दिलं आणि माझ्या आईच्या गुडघेदुखीची चौकशी केली. निघताना मी अंगणाच्या कडेशी आलो आणि मला खोकला आला. मी तो तिथे दाबून धरला. उतार संपून ओढा ओलांडला, घरं दिसेनाशी झाली, मगच खोकलो.