बटाटे सोलायची मशीन

कारखाना उभा राहत होता तेव्हा मी आणि माझी थोरली जाऊ मजुरांच्या कँटीनमध्ये बटाटे सोलायचो. ती विधवा होती, लेकरांसकट आमच्याच झोपडीत राहायची. दुर्गच्या बाजारातून मातीने भरलेले बटाटे पोत्यांनी यायचे. दिवसभर हात पाण्यात. बोटांच्या बेचक्या कुजल्या होत्या. जेवताना तिखट झोंबलं की जीव कळवळायचा.

मग मशीन आली. आतून खरखरीत लोखंडी पिंप, तळाशी गरगर फिरणारी थाळी. बटाटे घासून साल निघायची. पण खाचांतली साल निघेपर्यंत अर्धा बटाटाच झिजून नालीत जायचा, बोराएवढे गोळे उरायचे. भाजी पुरेना. मजूर थाळ्या आपटू लागले.

मशीन सुधारायचं काम साहेबांनी आमच्या ह्यांना दिलं. हे तेव्हा कँटीनमध्ये कच्चे फिटर होते. "जमलं तर प्लांटमध्ये पक्का करतो," साहेब म्हणाले. "नाही तर मशीन वापस, तू पण वापस."

घरी मी ह्यांना म्हटलं, "नका करू दुरुस्त. मशीन चालली तर जाऊबाई कुठं जाईन?"

"अन् माहं काम गेलं तर आपण सारे कुठं जाऊ?"

चुलीपाशी बसलेली जाऊ सगळं ऐकत होती. "भाऊजी, करा तुमी," ती म्हणाली. "हिचे हात पाहा न." तिचे हात माझ्यापेक्षा वाईट होते.

ह्यांनी पिंपाची आतली धार विटेनं घासून बोथट केली. लहान-मोठे बटाटे वेगळे घातले, पिंप अर्धंच भरलं, आणि खाचा तशाच ठेवून मशीन लवकर थांबवली. बटाटे शाबूत निघाले. आता खाचा कोरायला चाकू घेऊन एकच बाई पुरे होती.

साहेबांनी मला ठेवलं. मी हात जोडले, "माह्या जागी तिले ठेवा."

"उसके हाथ देखो," ते म्हणाले. "खाने में पीप गिरेगा." तिच्या बोटांतून खरंच पू येत होता.

जाऊ लेकरं घेऊन भंडाऱ्याकडे भावाच्या घरी निघाली. दुर्ग स्टेशनवर ह्यांनी गाठोडं डब्यात चढवून दिलं, पण तिच्याकडे त्यांना बघवेना. "कायले रडून राहिली तू?" ती मलाच रागावली.

पुढे हे पक्के झाले, क्वार्टर मिळालं. तिला आणायला हे लगोलग गेले. भाऊ दारातच म्हणाला, "वहिनीशी पटलं नाही तिचं. विड्या वळायला गेली लेकरं घेऊन. कुठं ते मले नाही माहीत."

हे आजूबाजूची गावं फिरून आले. हातपाय न धुताच भिंतीकडे तोंड करून निजले. मी ताट वाढलं, तसंच राहिलं.