पुतळा सोडणारे देवरावकाका

भिलाईत पुतळा जाळणारे ढीगभर आहेत. पुतळा सोडावा तो आमच्या शेजारच्या देवरावकाकांनीच.

त्याचं असं असतं की मोर्चाला कुठल्या तरी मालकाचे पुतळे दोन बनतात. पहिला काकांच्या खांद्यावर. सिविक सेंटरच्या चौकात पोलीस त्यावर झडप घालतात, काका ओढतात, पोलीस ओढतात, फोटो निघतात, आणि नेमक्या वेळी काका बोटं सैल करतात. पुतळा जप्त, पोलीस खूश. तेवढ्यात पानठेल्यामागच्या ऑटोतून दुसरा पुतळा निघतो आणि आरामात जळतो. नेता खूश. मग सगळे मिळून चहा पितात, पोलीससुद्धा.

पडताना टोपी कुठं उडावी, हेही काकांचं ठरलेलं. पेपरात मात्र कायम पाठच छापून यायची. ताराकाकू म्हणायच्या, "घरी टीव्हीचा रिमोट सोडत नाही हा मानूस, अन् तिकडं आख्खा मालक सोडून येते."

मग हथखोजच्या एका कारखान्यानं ठेक्यावरची माणसं काढली. काकाही त्यात. रूपेशभाऊंनी गेटवर मोर्चा ठेवला. रूपेशभाऊ आमचे नेते. बोलताना टाळ्यांसाठी जागा सोडतात. "साथियों, ये लड़ाई..." जागा. "आर-पार की है." मोठी जागा. घरी भाजी मागतानाही सोडत असतील.

मालकाच्या पुतळ्याला काकांनी आपला ड्युटीचा शर्ट घातला. "आता काय कामाचा हाये?" ते म्हणाले.

"कोन, शर्ट का तुमी?" काकूंनी विचारलं.

गेटवर खेळ नेहमीसारखाच रंगला. हवालदार साहूनं पुतळ्याचे पाय धरले, काकांनी मुंडकं. काकांनी सवयीनं ऑटोकडं पाहिलं. ऑटो रिकामा.

"दुसरा कुठी हाये?" त्यांनी ओढता ओढता रूपेशभाऊंना विचारलं.

"आनलाच नाही, काका. मालकाशी बोलनं झालं. पुतळा जळला नाही तर मानसं परत घेते म्हनते. सोडा आता."

"मले कावून नाही सांगतलं?"

"तुमी सोडताच न दरवेळी."

काकांनी बोटं आवळली. फोटो निघाले तरी काका सोडेनात, साहू बिचारा गोंधळला. हळूच म्हणाला, "छोड़ दे न कका, फोटो होगे."

"माचिस हाये का?" काकांनी त्यालाच विचारलं. काकूंच्या धाकानं त्यांची बिडी सुटली होती, माचिस कुठून असणार? आणि साहूनं, दर मोर्चाच्या चहाची ओळख, खिशातून काढून दिली. दिल्यावर त्याला आठवलं की आपण पोलीस आहोत.

एक बाही पेटली. लगेच काकांवर बादलीभर पाणी पडलं, पुतळ्यावर थोडं. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्यांदाच काकांचा चेहरा आला, ओलाचिंब, हातात जळकी बाही, डोळे कॅमेऱ्यात.

मालकानंही पेपर वाचला. पुतळा पुरता जळला नाही म्हणून बाकी सगळ्यांना परत घेतलं. काकांना नाही.

संध्याकाळी रूपेशभाऊ दारात आले. सुतकी चेहऱ्याचा सरावही करून आले असावेत. "काका, खास तुमच्यासाठी आंदोलन करू. ये लड़ाई..." जागा सोडली.

त्या जागेत काका म्हणाले, "करू न. पन या खेपी पुतळा तू धर. हिसकाचं मी पाहातो."

काकू आतून म्हणाल्या, "अन् माचिस मी देतो."