मंगळागौरीच्या पायरीवर आईचं वाण

आमच्या घराण्यात कॉलेजात पाय ठेवलेला मी पहिला. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगत असे. त्यामुळे देवापेक्षा पुस्तकावर माझा भरवसा जास्त, आणि त्याहून जास्त स्वतःवर. नव्वदच्या दशकातल्या एका दिवाळीच्या सुट्टीत मी बायकोला घेऊन काशीला गेलो. यात्रेला नव्हे, काशी पाहायला. हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. वहीत ठिकाणांची यादी होती, क्रमांक घातलेली.

तिच्या मनात मात्र एकच ठिकाण होतं. तिच्या माहेरची रीत अशी, की लग्नानंतर पाच वर्षं श्रावणात मंगळागौर पुजायची आणि शेवटी उद्यापन करून आईला वाण द्यायचं. तांब्याच्या पातेलीत लाडू, वर चांदीचा छोटा नाग, झाकायला खण. हिनं पहिल्याच वर्षी हौसेनं पातेली घेतली आणि तिच्यावर ‘आईस’ असं कोरून घेतलं. चौथ्या वर्षी आई गेली. मावशीला दे, चुलतीला दे, असं सगळे म्हणाले. ही म्हणाली, “त्यांना साडी देईन. वाण आईचं आहे.” उद्यापन तसंच अडून राहिलं. काशीत मंगळागौरीचं देऊळ आहे हे कळलं तेव्हा तिनं लाडू वळले, पातेली भरली आणि कापडी पिशवीत घेतली. मी म्हणालो, “वेळ उरला तर बघू.” ते देऊळ माझ्या यादीत नव्हतं.

पहिल्या दिवशी सारनाथ झालं. विटांच्या त्या पडक्या ओळींमधून मी पुढे बोलत चाललो होतो, ही मागून पिशवी सांभाळत येत होती. दुसऱ्या दिवशी रामनगरचा किल्ला पाहून नावेनं परत निघालो. नावाडी बोलका होता. “बाबूजी, मंगला गौरी नहीं जाएँगे? मराठी लोग तो सब जाते हैं.” मी म्हणालो, “लिस्ट में नहीं है.” तो हसला. “लिस्ट किसने बनाई, आपने कि उन्होंने?” मी पुस्तक काढून बसलो. भोसले घाटाला नाव लागली. उतरताना हिनं पिशवी माझ्या हाती दिली. नागपूरकरांची ती दगडी इमारत समोर आली आणि मी पिशवी फळीखाली ठेवून पुस्तकातलं पान शोधू लागलो. पान सापडलं. पिशवी नावेतच राहिली.

हे कळलं तेव्हा आम्ही ठठेरी बाजारात होतो. चहूकडे पितळ चमकत होतं, ठोकण्याचे आवाज चालले होते. हिनं एक तांब्याची पातेली हातात घेतली आणि माझ्याकडे वळून विचारलं, “अहो, पिशवी?” आम्ही धावत घाटावर आलो. शेकडो नावा होत्या. नावाड्याचं नावही मी विचारलं नव्हतं. दिवस मावळेपर्यंत शोधलं.  

दुसऱ्या दिवशी संध्याकाळची गाडी होती. सकाळी मी म्हणालो, “बाजारातून नवीन पातेली घेऊ.” ती म्हणाली, “नको. रिकाम्या हातानं जाऊ. आणलं होतं, एवढं देवीला सांगते.” पंचगंगा घाटावर ती पाय धुवायला वाकली. मी पाण्याकडे तोंड करून उभा राहिलो. आयुष्यात जे मिळवलं ते पेपर लिहून मिळवलं होतं. मागायची सवय नव्हती. तरी हात आपोआप जोडले गेले. मनात देवीला म्हणालो, माझं काही नको, हिचं काम अडवू नकोस. मग वही खिशात घातली आणि पहिल्यांदाच तिच्या मागून चालू लागलो.

देवळाच्या पायरीवर एक नऊवारीतल्या काकू बसल्या होत्या. मांडीवर आमची पिशवी.

ही जागच्या जागी थांबली. काकूंनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तूच ना गं ती? कालपासून वाट बघतेय. तुमचा मल्लाह, तो नावाडी, आमच्या ओळखीचा. घरी आला, म्हणाला, माताजी, हे तुमच्या लोकांचं दिसतं. उघडून बघितलं तर नाग, खण, आईस लिहिलेलं. म्हटलं, ही मुलगी दुसरीकडे कुठे जाणार? इथेच येणार. म्हणून बसून राहिले.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आणि जावईबापू, तुमच्या लिस्टचं सांगितलं त्यानं. पढे-लिखे ना तुम्ही? घाट बघायला आलात की मोजायला?”

मी खाली मान घालून हसलो. बऱ्याच वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं.

“आई कुठे असते तुझी?” त्यांनी विचारलं. हिनं सांगितलं. काकूंनी पिशवीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, “मला तिघे मुलगे. इथे आमच्या पाच पिढ्या झाल्या. दर श्रावणात या गल्लीतल्या बायका लेकींची वाणं घेतात, मी ताटं वाढते. मला कोण देणार?”

देवीसमोर हिनं पातेली काकूंच्या हातात ठेवली आणि पाया पडली. काकूंनी तिला उठवून घट्ट जवळ धरलं. खणाखाली लाडू जसेच्या तसे होते. काकूंनी एक मोडून अर्धा तिला भरवला, अर्धा मला. परत उतरताना ही पुढे होती, मान ताठ, जणू काशी जिंकून चालली होती. आईच्या जाण्यानंतर मी तिला तशी चालताना पाहिलं नव्हतं.

काकूंनी सांगितलेल्या घाटावर नावाड्याला गाठून मी त्याचं नाव विचारलं आणि मिठी मारली. तो म्हणाला, “लिस्ट पूरी हुई, बाबूजी?” यादीतली चार ठिकाणं राहिली होती. मी म्हणालो, “हो, पुरी झाली.”

हे कसं घडलं याचा हिशोब मी मांडत नाही. नावाडी भला होता, काकू शहाण्या होत्या, एवढं मलाही कळतं. पण मी पिशवी विसरलो नसतो, तर ते वाण देवीपुढे ठेवून आम्ही गाडी पकडली असती आणि एक लेक न झालेली आई पायरीवर बसलीच नसती. माझी चूकसुद्धा देवीनं कामाला लावली. अजूनही मी याद्या करतो, फक्त शेवटी एक ओळ कोरी सोडतो. दर संक्रांतीला काशीहून तिळगुळाचं पाकीट येतं. वर पत्ता हिच्या नावाचा, आणि आतल्या चिठ्ठीचा पहिला शब्द: लेकीस.