राउटरवाले इंजिनियरसाहेब

वजदी शल्तूत इंजिनियर नाहीत. ते शेतकी खात्याच्या कचेरीत कारकून होते. तिथे पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा सकाळी त्याच्यावरचं कापड काढायचं आणि संध्याकाळी परत घालायचं काम त्यांच्याकडे आलं, आणि निवृत्त होईपर्यंत ते इंजिनियर होऊन बसले. आमच्या मन्सूरा शहरात कॉम्प्युटरला हात लावायला जो घाबरत नाही त्याला सगळे इंजिनियरसाहेबच म्हणतात. मीही म्हणत होते.

रोज सकाळी इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर त्यांचा आवाज येतो. आधी खाकरणं, मग सलाम, मग बातमी. "बंधूभगिनींनो, गुलाबाच्या फुलाचं चित्र आलं तर उघडू नका, त्यात व्हायरस आहे. फोन पाण्यात पडला तर तांदळात ठेवा. रात्री राउटरजवळ पेलाभर पाणी ठेवा, लहरी शोषून घेतं." बोलता बोलता भोपळ्याच्या खारवलेल्या बिया फोडत असतात, त्यांचा कटकट आवाज त्या संदेशातही येतो. ऐकताना मला वाटतं, टरफलं माझ्याच कानात थुंकताहेत.

कुणी फोन दाखवायला नेला की ते आधी बोट जिभेला लावतात आणि मग त्या ओल्या बोटानं पडदा सरकवतात. बिघाड कुठेही असो, बोट आधी फोटोंवर जातं. "जागा किती खाल्लीय ते बघतो," म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेचे लग्नाचे फोटो त्यांनी असेच एकेक करून पाहिले, तेही ती शेजारी उभी असताना. ती बिचारी कानापर्यंत लाल झाली. सासू मात्र म्हणाली, "बघू दे ग, डॉक्टर आणि इंजिनियरपुढे कसली लाज?"

पण त्यांच्यावाचून कुणाचं चालत नव्हतं, कारण इमारतीचं इंटरनेट त्यांच्या घरातून येतं. कनेक्शन एकच, त्यांच्या नावावर. चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या खिडकीतून वायरी निघतात आणि मागच्या चिंचोळ्या चौकातून, कबुतरांच्या घाणीवरून, घराघरात शिरतात. खर्च सगळ्यांत वाटलेला. महिन्याचा डेटा ठरलेला असतो आणि तो महिना संपायच्या आधी संपतो. मग जिन्यात एकच ओरड: कुणी खाल्ला?

रमजाननंतर तो फारच लवकर संपायला लागला. एका दुपारी वजदी लॅपटॉप बगलेत मारून आमच्या पाचव्या मजल्यावर आले. माझा नवरा कुवेतला असतो. घरात मी आणि माझी मुलगी रीहाम, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला. ती तेव्हा कॉलेजात होती.

"उम्म रीहाम," ते म्हणाले; रीहामची आई म्हणून मला सगळे अशीच हाक मारतात. "मी तुम्हाला बहिणीसारखं मानतो, म्हणून आधी तुमच्याकडे आलो." त्यांनी लॅपटॉप माझ्या जेवणाच्या टेबलावर उघडला. बटणांच्या फटीत बियांची टरफलं अडकलेली. "राउटरमध्ये प्रत्येक फोनचं नाव दिसतं. हे बघा. सगळ्यात जास्त कोण खातंय?"

यादीत सगळ्यात वर लिहिलं होतं, 'रीहाम'.

"अभ्यास असतो तिला. व्याख्यानं बघते."

"रात्री दोन वाजता?" ते हसले. "कुठल्या साइटी उघडतात तेही दिसतं मला. आईला सांगायची माझी जीभ रेटत नाही."

"सांगू नका मग."

"माझ्या पोटात राहील. माझं पोट म्हणजे विहीर."

त्या विहिरीतून संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर पाणी पोचलं. मला कळलं ते पहिल्या मजल्यावरच्या हाज्जा बसीमांच्या तोंडावरून. रीहामसाठी त्यांनी आपल्या भाच्याचं स्थळ आणलं होतं आणि येत्या गुरुवारी मुलाकडचे फातिहा वाचून शब्द पक्का करायला येणार होते. जिन्यात भेटल्या तर नेहमीसारखा गालाला गाल न लावता म्हणाल्या, "गुरुवारचं राहू दे जरा. त्याच्या मामाला बरं नाही."

त्याचा मामा त्याच दिवशी सकाळी मला बाजारात भेटला होता. चांगला ठणठणीत, टोमॅटो दाबून बघत होता.

दोन दिवस मी रीहामपासून हे लपवलं. मुलीच्या नावाला एकदा असं काही चिकटलं की आमच्याकडे ते खरवडून काढता येत नाही. लग्न राहतं, मग धाकट्या चुलत बहिणींचीही राहतात. नवऱ्याला फोनवर काय सांगू, या विचारानं मी मधूनच नळ सोडून उभी राहत होते. शेवटी रीहामला सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती भांडी विसळत होती, तिनं हात पुसले.

"मम्मा, तू विचारणार नाहीस का, मी बघते का म्हणून?"

"मला विचारायचंच नाही."

"मग त्यांना विचारू. सगळ्यांसमोर."

नवा महिना लागला, नेट परत आलं. शुक्रवारची नमाज झाल्यावर वजदींनी खाली दारापाशी लोकांना जमवलं होतं, खर्चाच्या नव्या वाटणीसाठी. खुर्चीवर लॅपटॉप, मांडीवर बियांचा पुडा. बायका जिन्यावर बसलेल्या. रीहाम उतरून आली आणि आपला फोन तिनं सगळ्यांसमोर बंद केला, हाज्जा बसीमांच्या मांडीवर ठेवला.

"काका, आता यादी उघडा."

"कशाला बाळ? घरातल्या गोष्टी घरात..."

"घरातल्या गोष्टी तुम्हीच जिन्यात आणल्यात. उघडा."

हाज्जा बसीमाही पुढे सरकल्या. त्यांना चव लागली होती. वजदींनी बोट जिभेला लावलं आणि यादी उघडली. 'रीहाम' सगळ्यात वर होतं. नावापुढे हिरवा ठिपका.

"फोन तर बंद आहे," कुणीतरी म्हणालं.

"राउटरला थोडा वेळ लागतो विसरायला," वजदी म्हणाले. "तांत्रिक गोष्ट आहे. तुम्हाला नाही कळायची."

आम्ही थांबलो. ठिपका हिरवाच. उलट डेटाचा आकडा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाढत चालला होता.

"तोडा ते कनेक्शन," मी म्हटलं.

"उम्म रीहाम, शांत व्हा."

"मी शांतच आहे. ते नाव तोडा, इंजिनियरसाहेब. माझ्या मुलीचं आहे ना? मीच परवानगी देते."

त्यांनी बटण दाबलं. ठिपका विझला. वरून, चौथ्या मजल्यावरून, त्यांच्या धाकट्या मुलाचा, ताहेरचा, नुकताच फुटलेला आवाज सगळ्या जिन्यातून खाली आला:

"बाबा! ए बाबा! माझं नेट गेलं! अर्ध्यात गेलं! लाव ना परत!"

मग रीहाम म्हणाली, "माझा जुना फोन. रमजानात फुटला तेव्हा काका, तुम्ही नेला होतात. म्हणालात, आता कचऱ्याच्या लायकीचा आहे, बॅटरी योग्य जागी टाकून देतो. काच बदलून ताहेरला दिलात, नाव मात्र माझंच ठेवलंत."

मी वाट बघत होते. वजदींची मान खाली जाईल, बायका तोंडावर हात ठेवतील, कुणीतरी माझ्या मुलीची माफी मागेल. आणि तेवढ्यात हशा पिकला. कडू नव्हे, चांगला मोकळा हशा.

"ताहेर मोठा झाला म्हणायचा!"

"नशवा, मुलगी बघायला लाग आता!"

वजदींची बायको नशवा लटकं रागावली. "चला, वय आहे त्याचं. पोरगाच आहे." वजदी स्वतःही हसले आणि त्यांनी पुडा पुढे केला. लोकांनी बिया घेतल्या. जे माझ्या मुलीच्या नावावर असताना चार मजले तोंड फिरवून बसले होते, तेच मुलाच्या नावावर गेलं आणि खाऊ झालं. मी भिंतीला हात टेकला, तर ती ओलसर लागली.

हाज्जा बसीमा उठून आल्या. या वेळी दोन्ही गालांना गाल लावले, तोंडाला बियांचा खारट वास. "अल्हम्दुलिल्लाह, मुलगी स्वच्छ निघाली! मग गुरुवारी येतो ना आम्ही?"

स्वच्छ निघाली. धुवायला टाकलेल्या चादरीसारखी. हे स्थळ मी किती महिने मनात धरून होते ते माझं मला माहीत. मुलगा चांगला आहे, स्वतःचं दुकान आहे, दुसरं असं येईल की नाही ही भीती आत्ताही पोटात आहे. मी रीहामकडे पाहिलं. ती मान वळवून बघत होती, मी काय बोलते ते.

"गुरुवारी आम्ही नाही घरी," मी म्हटलं.

"मग कधी?"

"सांगू."

मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. वर येऊन रीहामनं खिडकीतली वायर उपटली. सोडली तेव्हा ती कबुतरांच्या घाणीत पडली. आपली स्वतःची लाइन मिळायला अर्ज करावा लागतो, वेळ लागतो. तोवर ती मैत्रिणीकडे जाऊन अभ्यास करते आणि ती परत येईपर्यंत मी खिडकीत उभी असते.

वजदी दुसऱ्या दिवशी दारात आले होते. मला वाटलं, आता तरी. ते चौकटीला रेलून म्हणाले, "वायर पडलेली दिसली. तुमचा वाटा या महिन्याचा द्याल ना? नाहीतर बाकीच्यांवर बोजा पडेल." मी दार लावलं. जिन्यात त्यांची टरफलं पडली होती. ती मी झाडूनं लोटली आणि चौथ्या मजल्यावर, त्यांच्या पायपुसण्यावर नेऊन टाकली.